गुरुजी, तुमच्या कमानीला माझा विरोध आहे

गुरुजी,

नदीच्या घाटावर तुमची दशक्रिया झाली तेव्हा माइक बराच वेळ फिरत होता. माझ्याकडे तो आला नाही. मी काय बोलेन याचा काही जणांना अंदाज होता, म्हणूनच आला नाही. एक जण म्हणाला, ज्ञानाचा दिवा मालवला. दुसऱ्याने तुमचं नाव चुकीचं घेतलं. मागून कुणीतरी शर्ट ओढल्यावर दुरुस्त केलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "विलास, बघ, वर्गात लक्ष नव्हतं याचं." मी एकटाच हसलो. आई माझ्याकडे रागाने बघत होती, आणि बघता बघता तिचेच डोळे भरून आले.

शेवटच्या वक्त्याने जाहीर केलं, की गावाच्या वेशीवर तुमच्या नावाची भव्य कमान उभी राहील. जत्रेच्या वर्गणीतली शिल्लक आणि ग्रामपंचायतीचा निधी त्यासाठी वापरायचा. येत्या रविवारच्या ग्रामसभेत तसा ठराव येणार आहे.

मी त्या ठरावाला विरोध करणार आहे. तो पैसा शाळेतल्या पोरांच्या दप्तरांना द्या, असं म्हणणार आहे. तुमच्याशी मी आयुष्यभर समोरासमोर भांडलो, तेव्हा हेही तुम्हाला आधी सांगायला हवं. मागून बोलणं आपल्या दोघांतही नव्हतं.

आपलं भांडण सुरू झालं ते पंधरा ऑगस्टमुळे. मी तेव्हा चौथीत होतो. झेंडावंदन झालं की इतर शाळांत पोरं गोळ्या खाऊन घरी जायची. राजुरीचा माझा मामेभाऊ सांगायचा, त्यांच्याकडे तर हेडमास्तर सगळ्यांच्या आधी निघून जातात. आपल्या शाळेत मात्र खरा कार्यक्रम झेंडा वर गेल्यावर सुरू व्हायचा. मागास आणि आदिवासी मुलांसाठी सरकारकडून जे काही आलेलं असायचं, गणवेशाचं कापड, वह्या, दप्तरं, ते तुम्ही टेबलावर मांडायचात. मग खणखणीत आवाजात एकेकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. पोराने एकट्याने यायचं नाही, आईला घेऊन यायचं. आईने वस्तू हातात घेऊन, उलटून पालटून तपासायची, आणि मगच घरी न्यायची. गाव समोर उभं असायचं. तुम्ही दर वर्षी तेच वाक्य म्हणायचात: "हे माझं नाही, सरपंचांचं नाही. कुणाचे उपकार नाहीत. हक्काचं आहे, नीट बघून घ्या."

त्या वर्षी माझ्या आईने निळ्या कापडाचा तुकडा दोन्ही हातांत ताणून उन्हासमोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुजी, ह्यातनं तर झेंडा दिसतोय."

लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तो तुकडा तिच्या हातातून घेतला, स्वतः उन्हासमोर धरला, आणि म्हणालात, "खरंय, दिसतोय." तिथल्या तिथे वाटप थांबवलंत. दुसऱ्या दिवशी कापडाचं गाठोडं घेऊन एसटीने जुन्नरला गेलात आणि हापिसात टेबलावर टाकून आलात. दिवाळीच्या आत जाड कापड आलं. आईने ही गोष्ट पुढे मला इतक्या वेळा सांगितली, की तिच्या तोंडी त्या गाठोड्याची गाठही तुम्ही तिलाच विचारून मारली होतीत.

पण गुरुजी, त्याच दिवशी दुपारी मी घरी जात होतो तेव्हा आडवाटेला वर्गातली पोरं उभी होती. "आला रे आला, सरकारचा जावई आला! मानपान करा रे!" एकाने माझ्या डोक्यावर बाभळीचा पाला टाकला, अक्षता म्हणून. कापडाचं आईला काय वाटलं ते तुम्हाला दिसलं. पाल्याचं मला काय वाटलं ते तुम्हाला दिसलं नाही. तुमच्या टेबलावरून आडवाट दिसत नव्हती.

माझं घर तुम्हाला माहीत होतं. आमच्याकडे वर्तमानपत्र परवडत नव्हतं, पण पत्रकं होती. माझे वडील, दादा, जिथे जिथे सभेला जायचे तिथून पत्रकांचे गठ्ठे घेऊन यायचे: गुलाबी, पिवळी, शाईने हात काळे करणारी. मी अक्षरं जोडायला शिकलो ती त्याच कागदांवर. त्यामुळे मला वाटायचं, जगातला कुठलाही अन्याय एका पानात मांडता येतो आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं दिली की तो थांबतो. अकरावीत जुन्नरला शिकायला गेलो आणि तिथल्या छापखान्यात माझं पहिलं पत्रक छापून घेतलं. तुमच्याविरुद्ध. "हक्क द्या, प्रदर्शन बंद करा!!!" जुन्नरच्या पेठेत वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं, निमगाव सावाच्या गाडीत खिडक्यांतून आत टाकलं, आणि आपल्या शाळेच्या फाटकाला चिकटवलं.

संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात उभे. हातात पत्रक. दादा बिचारे घाबरून खाट झटकायला लागले.

"विलास, कागद कुणाच्या खर्चाने?"

"माझ्या. शिकवणी घेतो मी लहान पोरांची."

"बरं केलंस. दादा, चहा टाकायला सांगा. पोरगं माझ्यावर छापील बोललंय, फुकट कसं ऐकू?"

तो चहा निवून गेला, इतके आपण भांडलो. मी म्हणालो, पोराला चारचौघांत उभं करून त्याची जात ओरडून दाखवायची आणि मग त्याच्या हातात दप्तर द्यायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत. तुम्ही म्हणालात, लपवून दिलेलं लपवूनच पळवलं जातं. आणि मग तुम्ही आंबेगावच्या पश्चिमेकडची गोष्ट सांगितलीत. नोकरीला लागलात तेव्हा धरणाच्या वरच्या अंगाला एका आदिवासी वस्तीवर होतात. तिथे पोरांचं गणवेशाचं कापड आलंय असं कळलं होतं, पण पोरांना ते मिळालं नव्हतं. एके दिवशी कामासाठी एका पुढाऱ्याच्या घरी गेलात, तर खिडक्यांना नवे पडदे. खाकी.

"खाकी पडदे कुणी लावतं का रे?" तुम्ही म्हणालात. "मी तिथे बसून त्याच्या घरचा चहा प्यालो. बोललो नाही. नवा होतो. त्या दिवशी ठरवलं, माझ्या शाळेत जे येईल ते उन्हात, गावासमोर, आईच्या हातात."

"पण गुरुजी, पडदा चोराने लावला. शिक्षा पोराला का?"

तुम्ही निवलेला चहा एका घोटात संपवलात. निघताना म्हणालात, "या वर्षी तुझ्या पद्धतीने करू. बघू."

आणि तुम्ही केलंत. जिल्हा परिषदेकडून निळी दप्तरं आली होती. शाळा सुटल्यावर, वर्गाचं दार लोटून, एकेका पोराला बोलावून तुम्ही ती दिलीत. नाव नाही, भाषण नाही. मी खूश. माझ्या पत्रकाचा विजय झाला असं मी मित्रांना सांगत सुटलो.

चार दिवसांत गावात काय पसरलं ते आठवतं? बंद दाराआड सायकली वाटल्या. कुणी म्हणे सायकली, कुणी म्हणे पितळी डबे. चहाच्या टपरीवर एकाने तर शपथेवर सांगितलं, की त्याने सायकलची घंटी ऐकली. ज्याला दिसत नाही त्याला सगळं ऐकू येतं, हा आपल्या गावाचा जुना गुण. शेवटी लोक शाळेवर आले. सगळ्यांच्या पुढे बबनतात्या. तुम्ही कपाट सताड उघडून दाखवलंत. आत खडूचे खोके, नकाशा आणि एक फुटका पृथ्वीगोल. लोक हिरमुसले. सायकली नाहीत म्हणून का आपण फसलो म्हणून, कोण जाणे.

"पर दप्तरं तर दिली ना?" बबनतात्या म्हणाले. "आमी काय बंगल्यात ऱ्हातो व्हय, गुरुजी? मी कांदे इकून पोराला दप्तर आणलं. ह्यांना घरबसल्या."

"बबन, तुझ्या आज्याला शाळेच्या ओट्यावर बसून शिकता आलं. यांच्या आज्याला ओट्याखाली सुद्धा बसू दिलं नाही. ते घरबसल्याच होते, पिढ्यान् पिढ्या."

"त्यात माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही. त्याचंही काही नाही. फरक एवढाच, की सरकारला त्याची बाकी आधी फेडायचीय."

तात्यांना ते पटलं नाही. खरं सांगू, मला त्यांचाही राग पूर्ण पटत होता आणि पूर्ण पटत नव्हता. ते सहामाहीला पोराची वही खोडरबराने पुसून पुन्हा वापरायला लावायचे, हे मी पाहिलं होतं.

पण खरं घडलं ते पुढच्या आठवड्यात. मंगल. ठाकरवाडीची, दुसरीतली, एवढीशी. वाडीवरून शाळेत येणारी एकटीच मुलगी. तात्यांच्या पोराचं दप्तर हरवलं होतं. जुन्नरच्या दुकानातलं, निळंच. आणि रस्त्यावर तात्यांना दिसली मंगल, पाठीवर नवंकोरं निळं दप्तर. तात्यांनी ते तिच्या पाठीवरून ओढून काढलं. रस्त्यावर उलटं केलं. पाटी, वही, एक अर्धी भाकर. "कुठनं आणलंस? बोल! शाळंत ठाकराच्या पोरीला हेच दिलं, हे बघितलं कोणी?"

कुणाला कसलं दप्तर मिळालं, हे गावात कुणालाच दिसलं नव्हतं. मला हवं होतं तसं.

तात्यांच्या पोराचं दप्तर संध्याकाळी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत सापडलं. मंगल दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही मला निरोप पाठवलात, "वाडीवर जायचंय, चल." मला वाटलं, वाटेत मला सुनावणार. तुम्ही पूर्ण वाटभर उसाच्या पाण्याबद्दल बोलत होतात.

मंगलच्या आईने आपल्याला बसायला पोतं टाकलं. ती रागावली नव्हती, हेच जास्त वाईट होतं.

"न्हाई पाठवायची आता," ती म्हणाली. "मागल्या साली समद्यांसमोर दिलं व्हतं, तवा कोणी चोर म्हणलं न्हाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मला सुनवायचं नाही हे तुम्ही आधीच ठरवलं होतंत, हे मला नंतर कळलं. मग तुम्ही उकिडवे बसलात आणि मंगललाच विचारलंत, "तू सांग बाई. काय करायचं?"

ती आईच्या पदराआडून म्हणाली, "मी येते. पर माझं नाव वरडायचं न्हाई."

बास. एवढंच. माझ्या पत्रकातले चार परिच्छेद तिने एका वाक्यात सांगितले, आणि तिच्या आईने तुमच्या पंचवीस भाषणांचं सार एका वाक्यात सांगितलं. त्या झोपडीत आपण दोघेही बरोबर होतो आणि पोरगी घरी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा वाडीवर गेलात. परत येताना मंगल पुढे, हात मोकळे, आणि मागे तुम्ही, धोतर, टोपी, आणि खांद्याला ते निळं दप्तर. गावाच्या मधल्या रस्त्याने. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय गुरुजी, पुन्हा पहिलीत नाव घातलं का?"

"दुसरीत!" तुम्ही चालता चालता म्हणालात. "तुझ्या पुढच्या वर्गात."

मंगल खुदकन हसली. मी मागून येत होतो, मला दिसलं. तात्यांच्या दारासमोर तुम्ही थांबलात. तात्या बाहेर आले. तुम्ही दप्तर खांद्यावरून काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. तात्यांनी ते घेतलं, बघितलं, झटकलं, आणि मंगलच्या पाठीवर लावून दिलं. माफी मागितली नाही. पट्टा मात्र तिच्या मापाचा करून दिला.

पुढच्या पंधरा ऑगस्टपासून तुम्ही नावं वाचणं बंद केलंत. माल टेबलावर यायचा, काय आलं, किती जणांसाठी आलं, कुठल्या निधीतून आलं ते गावासमोर सांगायचात, आया तपासायच्या, आणि वाटप वर्गात, हळू आवाजात. मी तुम्हाला म्हणालो, हेच तर मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू लिहिलं होतंस. तिने सांगितलं." मला राग आला होता. आता येत नाही.

मग शाळेत खिचडी शिजायला लागली. सगळ्यांना, एका रांगेत, जात न विचारता. पहिल्या दिवशी तुम्ही पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसलात आणि मीठ कमी आहे अशी तक्रार केलीत. मी त्या दिवशी म्हणालो, "बघा गुरुजी, खरं उत्तर हे आहे. सगळ्यांना द्या. गणवेश सगळ्यांना, दप्तर सगळ्यांना. नाव घ्यायचा प्रश्नच नाही, जावई म्हणायचा प्रश्नच नाही."

इथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

गेल्या महिन्यात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुम्हाला धाप लागत होती, तरी तुम्ही विषय काढलात. काकू म्हणाल्या, "अहो, पोराला पाणी तरी पिऊ द्या." तुम्ही हाताने त्यांना थांबवलंत. "सगळ्यांना म्हणतोस ते चांगलंय. पण 'सगळे' म्हटलं की रांग लागते, विलास. रांगेत पुढे कोण असतो? ज्याचं घर शाळेच्या जवळ, ज्याचा काका कमिटीवर. वाडीवरची पोर शेवटी येते. तोवर संपलेलं असतं. तुझ्या 'सगळ्यांना'मध्ये मंगल कुठे उभी आहे, ते आधी सांग."

मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो.

मी घाटावर उभा असताना मला हेच आठवत होतं. माझ्यावर तुमचं एक उत्तर बाकी आहे. इतरांना तुमची शिस्त आठवत होती, तुमची टोपी आठवत होती. मला वाटत होतं, अजून अर्धा तास मिळाला असता तर.

दशक्रियेनंतर मी कमानीला विरोध करणार हे गावात पसरलं, आणि परवा टपरीवर बबनतात्यांनी मला गाठलं. तुमच्या जाण्याने तेही खचलेत, दाढी वाढलीये.

"कमान नको, बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "गुरुजींना कमान कशाला? पोरांना दप्तरं द्या. पर एक कर राव. सरकारचं येतंय ते अन गावाचं, समदं एका ठिकाणी टाकू, अन सारखं वाटू. नायतर मग कोणालाच नको."

गोड वाटतं ना ऐकायला? मलाही क्षणभर वाटलं. माझंच तर वाक्य होतं, सगळ्यांना. आणि मग ते शेवटचे तीन शब्द माझ्या कानात राहिले. मग कोणालाच नको. तुम्ही ज्याला भीत होतात ते हेच होतं. 'सगळ्यांना' या शब्दाच्या पोटात 'कोणालाच नको' दडून बसलेलं असू शकतं, आणि ते बाहेर आलं की पहिला घास वाडीचाच जातो.

मी तात्यांना म्हणालो, "एका ठिकाणी टाकायचं नाही, तात्या. सरकारने ज्यांच्यासाठी राखून ठेवलंय ते त्यांचंच, पूर्ण, आधी. गावासमोर तपासून. त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ज्यांना सरकारकडून मिळत नाही, तुमच्या थोरल्याच्या पोराला, माळ्याच्या पोरीला, त्यांना गावाने द्यायचं, कमानीच्या पैशातून. तेच दप्तर, तोच रंग. म्हणजे रस्त्याने जाताना कुणाचं कुठून आलं ते दिसणार नाही."

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू गुरुजींच्या वरचा निघालास," ते म्हणाले. कौतुक होतं का शिवी, कळलं नाही. "मी हात वर करंन असं धरू नको. बघू रविवारी."

गुरुजी, हे माझं उत्तर. तुम्ही यातही खोट काढली असती, मला खात्री आहे. ग्रामसभेला पंचवीस माणसं असतात, कमिटीची आणि त्यांच्या पाहुण्यांची. कमान दगडाची असते, फोटोत येते, तिच्यावर देणाऱ्यांचीही नावं कोरता येतात. दप्तर पोरगं दोन वर्षांत फाडतं. मी हरू शकतो. हरलो तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडेन, त्याच्या पुढच्या सभेत पुन्हा. हात वर झाले नाहीत म्हणून हक्क खाली बसत नाही.

माझ्यावर तुमचं जे आहे त्याला आभार म्हणायला मला संकोच वाटतो, कारण आभार म्हटलं की विषय संपतो. तुम्ही माझं पत्रक हातात धरून आमच्या दारात आला होतात. माझ्या वयाच्या किती पोरांनी काय काय लिहिलं असेल, पण त्यांच्या दारात असं कुणी भांडायला आलं नसेल. माझ्यापुढे बसून माझं म्हणणं खोडून काढण्याइतकं महत्त्व तुम्ही मला दिलंत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, "मुद्द्यावर ये."

येतो. या वेळी मी पत्रक छापलेलं नाही. काल वाडीवर गेलो. मंगल आता मोठी झालीये, हायस्कुलात जाते. ती घरी नव्हती. तिची आई चूल लिंपत होती. मी सगळं समजावून सांगितलं: ठराव काय, कमान काय, दप्तरं कुणाची, तात्या काय म्हणतात. तुमच्या पोरांचं आहे, तेव्हा तुम्ही सगळ्या या, असं म्हणालो. वाडीवरची बाई आजवर ग्रामसभेला गेलेली नाही, हे मला माहीत होतं.

तिने हात पाण्यात बुडवून धुतले. मग विचारलं, "आमी आलो, तर कुठं बसायचं?"

"पुढे," मी म्हणालो. "पहिल्या रांगेत. तुमच्या बाजूने मी बोलतो, सगळं तयार केलंय—"

"येऊ समद्या," ती म्हणाली. "पर तू मधी बोलायचं न्हाई. आमी बोलू."